झाकणाखालचे पन्नास मेगाहर्ट्झ

चीनच्या रिगोल कंपनीचे दोन ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर लाटेसारखा दाखवणारी यंत्रं, २०१० साली शेजारीशेजारी ठेवले असते, तर नाव वाचल्याशिवाय त्यातला कोणता कोणता हे सांगता आलं नसतं. डबा तोच, बटणं तीच, पडदाही तोच. एकावर डीएस१०५२ई लिहिलेलं, दुसऱ्यावर डीएस११०२ई. पहिला ५० मेगाहर्ट्झचा, दुसरा १०० चा. पहिल्याची किंमत चारशे डॉलरच्या आसपास उतरली होती, दुसऱ्याची जवळजवळ दुप्पट होती. कॅमेऱ्यासमोर यंत्रं उघडून मोठ्या आवाजात त्यांची उलटतपासणी घेणारा सिडनीचा अभियंता डेव्ह जोन्स याने त्या वर्षी स्वस्तातला डबा उघडला. सिग्नल जिथून आत शिरतो तो बोर्डाचा भाग त्याने कागदावर उतरवून काढला. त्याला दिसलं की दोन्ही मॉडेलांचा बोर्ड एकच आहे. स्वस्तातल्या मॉडेलात फक्त सिग्नलच्या वाटेवर वरच्या फ्रीक्वेन्सी गाळून टाकणारी एक सोय मुद्दाम चालू ठेवलेली होती. मग डाग देऊन-काढून ती बंद करण्यात आली. थोड्याच दिवसांत कुणाच्या तरी लक्षात आलं की सोल्डरिंग आयर्न तापवायचीही गरज नाही. त्या गाळणीचा लगाम सॉफ्टवेअरच्या हातात होता. यंत्राला त्याचा मॉडेल नंबर बदलून सांगितला, की ते स्वतःला १०० मेगाहर्ट्झचं समजू लागे आणि तसं वागूही लागे.

डिप्लोमाच्या मुलांना हे यंत्र ‘सीआरओ’ म्हणून ठाऊक असतं. बारावीच्या प्रॅक्टिकलनंतर ज्यांचा त्याच्याशी संबंध संपला त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, की ५० मेगाहर्ट्झ म्हणजे पन्नासपर्यंत लख्ख उजेड आणि एक्कावन्नाव्याला काळोख, असं नसतं. सिग्नलची उंची हळूहळू घटत जाते आणि पन्नासला ती मुळाच्या सत्तर टक्क्यांवर येते. २० मेगाहर्ट्झची चौकोनी लाट ही २०, ६०, १००, १४० अशा लाटांची बेरीज असते. ५० च्या यंत्रावर तिच्यातली पहिलीच लाट धड पोचते, म्हणून कोपरे झिजतात आणि चौकोनाच्या जागी जवळजवळ गुळगुळीत टेकडी दिसते. सर्किट बिघडलेलं नसताना बिघडल्यासारखं वाटतं. याहून वाईट म्हणजे बिघडलेलं असताना ते ठीक वाटतं. हौशी माणसाला जास्तीचे पन्नास हवे असतात ते याच्यासाठी.

त्या डब्यात आणखी एक गंमत होती, आणि मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. सिग्नलचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या पाच चिप आत होत्या, अ‍ॅनलॉग डिव्हाइसेसच्या एडी९२८८. प्रत्येकीत दोन कन्व्हर्टर. ही चिप तीन प्रतींत मिळते, सेकंदाला ४, ८ आणि १० कोटी नमुने घेणारी. रिगोलने घेतली होती ४ कोटींची, स्वस्तातली, आणि तिला १० कोटींच्या वेगाने पळवलं होतं. दहा कन्व्हर्टर आळीपाळीने चालवले की सेकंदाला शंभर कोटी नमुने होतात, आणि जाहिरातीत तेच छापलं होतं. म्हणजे गिऱ्हाईक यंत्राची जी मोडतोड करणार होता, तीच कारखान्याने चिपची आधीच करून ठेवली होती.

*

आता प्रश्न नैतिकतेचा. चांगलं यंत्र मुद्दाम अधू करून स्वस्तात विकायचं, हा हिशेब जुना आहे. ज्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्येच लिहून ठेवलं, की रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर घालत नाहीत ते छपराच्या खर्चापायी नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं त्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून गरिबाला भिजवायचं. आयबीएमने १९९० मध्ये लेझर प्रिंटरची स्वस्त आवृत्ती काढली. महागडा प्रिंटर मिनिटाला दहा पानं छापायचा, हा पाच. यंत्र तेच, फक्त त्याला मधूनमधून थांबायला लावणारी वाढीव तजवीज केली होती. इंटेलच्या १९९१ च्या ४८६एसएक्स प्रोसेसरमध्ये गणिताचा भाग बंद करून ठेवला होता. पुढे तो हवा असणाऱ्यांना जी ४८७ नावाची चिप विकली जाई, ती म्हणजे मुळातला अख्खा प्रोसेसरच होता. ती बसवली की आधीचा गपगुमान बसून राही.

रिगोलचं पुढचं प्रसिद्ध मॉडेल डीएस१०५४झेड. चार चॅनेल, पुन्हा ५० मेगाहर्ट्झ, पुन्हा चारशेच्या आसपास डॉलर. आयातशुल्क आणि विक्रेत्याचा वाटा धरून आपल्याकडे तीस-पस्तीस हजारांच्या घरात. या वेळी जास्तीच्या सोयी उघडायला कंपनीने किल्ली ठेवली होती, म्हणजे यंत्राच्या क्रमांकावरून गणिताने तयार होणारा लांबलचक शब्द. गणित उत्तम प्रतीचं होतं, पण त्यातला गुप्त आकडा फारच छोटा निवडला होता. तो शोधून काढला गेला आणि जगभरच्या टेबलांवरची ही यंत्रं एका रात्रीत १०० ची झाली.

या दोन गोष्टी मी एका मापाने मोजत नाही. आपण पैसे मोजून घेतलेल्या डब्यातल्या गाळणीचा कपॅसिटर काढणं हा आपला हक्क आहे, त्यात कुणाची परवानगी लागत नाही. कंपनी पैसे घेऊन जी किल्ली विकते ती परस्पर घडवणं हे वेगळं, आणि ते करणाऱ्याने निदान त्याला संशोधन म्हणू नये. व्यवहार मात्र असा झाला की त्याच गुपितामुळे डीएस१०५४झेड हौशी लोकांनी धडाधड विकत घेतला. दार कायमचं बंद करायची घाई कंपनीलाही नसावी, हा माझा तर्क. एवढं नक्की, की २०२३ मध्ये आलेल्या १२ बिटांच्या डीएचओ८०० मालिकेतही, जिच्या आत चक्क अँड्रॉइड चालतं, स्वस्त मॉडेलला महागड्याचं नाव देता येतं हे थोड्याच काळात उघड झालं.

पण चोरी की हक्क हा वाद फार तर अर्ध्या तासाचा. त्यानंतर टेबलावर उरतो तो खरा पेच. कंपनीने ५० ची हमी दिली होती. तुम्ही यंत्राला १०० म्हणवून घेतलंत. आता त्या शंभराची हमी कोण देणार?

*

पुण्यात कर्वेनगरला एक निवृत्त दूरसंचार अभियंते राहतात. गॅलरी बंद करून त्यांनी तिथे वर्कशॉप केलं आहे. मी त्यांना हाच प्रश्न विचारला, तर काकांनी उत्तराऐवजी एक फळकुट पुढे केलं. वर तांब्याचा पत्रा, त्यावर हवेतच जोडलेले चार-सहा सुटे भाग आणि मधोमध पत्र्याच्या टोपीचा ट्रान्झिस्टर, २एन२३६९.

हे सर्किट जिम विल्यम्सचं. लिनियर टेक्नॉलॉजी या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा हा माणूस पदवीशिवायचा, टेबलावरच्या पसाऱ्यासाठी आणि जुन्या टेक्ट्रॉनिक्स सीआरओंच्या वेडासाठी प्रसिद्ध. १९९१ च्या त्याच्या एका टिपणात हा पल्स जनरेटर आहे. ट्रान्झिस्टरवर सोसवेल त्यापेक्षा जास्त, ९० व्होल्टच्या आसपास, दाब द्यायचा. एका क्षणी तो ढासळतो आणि साठवलेला सगळा भार एका झटक्यात सोडून देतो. विजेचा दाब खालून वर जायला लागतात ३५० पिकोसेकंद, म्हणजे प्रकाश जेमतेम दहा सेंटिमीटर पुढे सरकेल एवढा वेळ.

इतकी उभी कडा सीआरओला दाखवली, की पडद्यावर जो उतार दिसतो तो सिग्नलचा नसतो, सीआरओचा स्वतःचा असतो. ०.३५ ला त्या वेळाने भागलं की खरी मर्यादा हातात येते. ७ नॅनोसेकंद दिसले तर ५० मेगाहर्ट्झ, साडेतीन दिसले तर १००. काकांच्या जुन्या १०५२ई वर उतार साडेतीनच्या आतच होता.

‘‘झालं की मग शंभरचं,’’ मी म्हटलं.

‘‘या टोकाला झालं,’’ ते म्हणाले. ‘‘कडेच्या वरची ती लाट बघा. ती सिग्नलमध्ये आहे, का प्रोबच्या लांब वायरमुळे आहे, का कारखान्याने जी गाळणी लावली होती ती काढल्यामुळे? हे तिन्ही वेगवेगळं करता येईपर्यंत मी याला शंभरचं म्हणत नाही.’’

मग त्यांनी प्रोबची मगरपट्टी काढली, टोपण काढलं आणि टोकाशी एवढीशी स्प्रिंग लावून पुन्हा मोजलं. लाट निम्म्याहून कमी झाली. उरलेली कशाची, यावर चहा होईपर्यंत आमचं एकमत झालं नाही.

हा ट्रान्झिस्टर सरसकट ढासळत नाही. विल्यम्सने बारा वर्षांच्या उत्पादनातले मोटोरोलाचे ५० नग तपासले, त्यातले ८२ टक्के चालले. आपल्याकडे ते आणायचे तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दुकानदार न बघताच विचारतो, ‘‘ओरिजिनल चाहिए के चायना?’’ आणि दोन्हीसाठी हात घालतो एकाच डब्यात, असा जुन्या गिऱ्हाइकांचा विनोद आहे. म्हणून मूठभर घ्यायचे आणि घरी एकेक लावून बघायचा.

जाता जाता सांगतो. विल्यम्स जून २०११ मध्ये गेला. त्याच्या आठवणींसाठी जमलेल्या मित्रांतून घरी परतताना बॉब पीझ हा अ‍ॅनलॉग सर्किटांतला दुसरा दादा माणूस मोटार अपघातात गेला. विल्यम्सचं टेबल त्याच्या पसाऱ्यासकट माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयाने प्रदर्शनात मांडलं होतं.

*

तीस हजारांचं सोडा. दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारा पिवळा किंवा काळा डीटी८३० मल्टिमीटर घ्या. इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत, रिक्षावाल्याच्या डिकीत, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत तो असतोच. त्याच्या आतली कल्पना १९७० च्या दशकातली, इंटरसिलच्या ७१०६ या चिपची. आता त्या चिपच्या जागी डांबरासारखा काळा थेंब असतो, पण डोकं तेच. मोजायचा व्होल्टेज एका कपॅसिटरमध्ये ठरावीक १००० ठोके भरायचा. मग आतला माहितीचा व्होल्टेज उलटा लावून तो रिकामा व्हायला किती ठोके लागतात ते मोजायचं. जितके ठोके तेवढा आकडा. कपॅसिटर थोडा कमीजास्त असला तरी भरताना आणि रिकामा होताना चूक सारखीच होते आणि कटते. घड्याळाचंही तेच. शिवाय भरण्याचा काळ १०० मिलिसेकंद ठेवला, की त्यात आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या बरोबर पाच लाटा बसतात आणि अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या सहा. वायरीत शिरलेली घरच्या विजेची गुणगुण त्यामुळे बेरजेत शून्य होते. इतकं देखणं डिझाइन दोनशे रुपयांत मिळतं याचं मला अजून नवल वाटतं.

सगळा भार मग एका गोष्टीवर येतो, आतल्या त्या १०० मिलिव्होल्टवर. तो ठरतो बोर्डावरच्या एका इवल्या स्क्रूने. स्क्रू हलला की मीटरचं सगळं जग हलतं. हौशी लोक यासाठी एडी५८४ चिपचं छोटं बोर्ड मागवतात. २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देणारं. बोर्डाबरोबर बऱ्याचदा एक चिठ्ठी येते, तिच्यावर चारही आकडे दशांशासह लिहिलेले. कुठल्याशा चांगल्या मीटरवर मोजलेले, असं समजायचं. त्या मीटरला कुणी तपासलं हे चिठ्ठीवर नसतं. साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जायला हवी. तशी पावती अधिकृत प्रयोगशाळा देते, पण तिच्या फीमध्ये असे बरेच मीटर येतील. म्हणून मध्यममार्ग असा, की दोन-तीन ठिकाणचे वेगवेगळे संदर्भ जमवायचे आणि ते एकमेकांशी किती भांडतात ते बघायचं.

डीटी८३० ची दुसरी खोड स्क्रूने जात नाही. त्याचा स्वतःचा रोध १ मेगाओहम आहे, चांगल्या मीटरचा १०. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावा. मध्यावर साडेचार व्होल्ट असायला हवेत. डीटी८३० तिथे ३ दाखवेल. आणि तो खरंच तीन असतो, कारण मीटर जोडल्याने खालचा रोध निम्मा झालेला असतो. दहाच्या मीटरवर ४.२९ येईल. प्रत्येक पॉलिटेक्निकमध्ये पहिल्या दिवशी हा एक प्रयोग करून घ्यावा, ओहमचा नियम पुस्तकातून वर्षभर पाठ करण्यापेक्षा तो जास्त टिकतो.

या मीटरात लोक दिवे बसवतात, लिथियमची बॅटरी घालतात, बझर लावतात. ते सगळं ठीक. पण १० अँपिअरच्या भोकामागे फ्यूज नसतो, नुसता जाड तारेचा तुकडा असतो, हे आधी झाकण उघडून बघावं. प्रोब त्या भोकात विसरून कुणी घरच्या २३० व्होल्टला लावला तर तो थेट शॉर्टसर्किट होतो. वर कधीकधी ‘कॅट ३’ असा सुरक्षेचा दर्जाही छापलेला असतो. छापायला शाईच लागते.

सीआरओची गत याहून फसवी. त्याच्या प्रोबची मगरपट्टी थेट भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते. टीव्ही किंवा चार्जरचा पॉवर सप्लाय दुरुस्त करताना ती पट्टी गरम बाजूला लावली की ठिणगी, धूर आणि वर्षभराची बचत गेली. यावर गावोगावी चालणारा उपाय म्हणजे प्लगची जाडी पिन काढून टाकणं. हा बदल मात्र कधीही करू नये. तेव्हा सीआरओचा सगळा पत्रा जिवंत होतो आणि हात लावणाऱ्याला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. यंत्राला नव्हे, दुरुस्तीच्या सर्किटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा. जुन्या वाड्यांत आणि नव्या सोसायट्यांतही तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते, म्हणून आधी ती तपासायची.

*

या हौशी जगात फुकट वाटलेल्या बुद्धीचा एक सुंदर नमुना आहे. जर्मनीच्या मार्कुस फ्रेयेकने एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर घेतला, तीन पिनांना प्रत्येकी ६८० ओहम आणि ४७० किलोओहमचे रेझिस्टर लावले आणि कोणताही सुटा भाग ओळखणारं यंत्र केलं. ट्रान्झिस्टर कसाही खोचा, सगळ्या अदलाबदली करून ते सांगतं की हा एनपीएन आहे, याचा बेस हा. कार्ल-हाइन्त्स क्युब्बेलरने त्यात कॉइल मोजण्यासारखी भर घातली आणि शंभरावर पानांची माहितीपुस्तिका लिहिली. चिनी कारखान्यांनी त्याचे असंख्य नग केले, बऱ्याचदा मूळ लेखकांचं नावही न घेता. लॅमिंग्टन रोडवर हे पाकिटाएवढं यंत्र सहज मिळतं. घेतलंत तर दोन गोष्टी करा. कारखान्याने बऱ्याचदा अचूक संदर्भाची चिप गाळलेली असते, ती बसवा. आणि भरलेला कपॅसिटर त्यात खोचू नका, आधी रिकामा करा. टीव्हीतून नुकताच काढलेला एक कपॅसिटर या यंत्राचा मेंदू जाळायला पुरतो.

हॅम रेडिओवाल्यांचं भाग्य उजळलं ते २०१९ मध्ये. अँटेना नेमकी जुळली की नाही हे सांगणारा नेटवर्क अ‍ॅनलायझर तोवर लाखांचा असे. जपानमधल्या एका हौशी अभियंत्याने मांडलेला नॅनोव्हीएनए चिनी हातांतून पन्नासेक डॉलरला आला. त्यातली सिग्नल देणारी चिप ३०० मेगाहर्ट्झलाच दमते. पुढच्या ९०० पर्यंतचा पल्ला हे यंत्र तिच्या चौकोनी लाटेतल्या वरच्या स्वरांवर गाठतं, तानपुऱ्याच्या एका तारेतून दुसरेही स्वर ऐकू यावेत तसं. आणि हे यंत्र प्रत्येक वेळी मालकाला कामाला लावतं. मोजण्याआधी टोकाला आधी काहीच नाही, मग शॉर्ट, मग ५० ओहम असं लावून त्याला शिकवावं लागतं. शिकवणीत चूक झाली, तर पुढचा प्रत्येक आलेख देखणा आणि खोटा येतो.

*

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असं नाही. ठाण्याच्या अ‍ॅप्लॅबचे सीआरओ आणि पॉवर सप्लाय, नाशिकच्या मोटवानेचा काटेवाला मल्टिमीटर, यांवर इथल्या कितीतरी अभियंत्यांचा हात बसला. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात अजितकुमार यांनी एक्सपआइज नावाचं यंत्र उभं केलं. संगणकाला जोडायचा छोटा डबा, त्यातच सिग्नल देणारं, मोजणारं, आलेख काढणारं सगळं, आणि सर्किटचा नकाशा सगळ्यांना खुला. त्यात लपवलेले मेगाहर्ट्झ नाहीत आणि फोडायची किल्लीही नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला कलबागांनी स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवून बघायची कार्यशाळा, आली, अमेरिकेच्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. गावातल्या मुलांनी उपकरण स्वतःच बनवावं ही कल्पना तिथे त्याआधीपासूनच रुळलेली होती.

अडचण आहे ती कॉलेजांत, आणि तिचं नाव डेडस्टॉक रजिस्टर. उपकरण रजिस्टरात चढलं की ते संस्थेची मालमत्ता. झाकण उघडलं आणि बिघडलं तर जबाबदारी लॅब असिस्टंटची. म्हणून बंद पडलेला सीआरओ कुणी उघडत नाही, तो कपाटात जातो. काही वर्षांनी समिती बसते, निर्लेखनाचा ठराव होतो, आणि तो किलोच्या भावाने भंगारात निघतो. ज्या मुलांनी तो उघडून शिकायचं, ती शेजारच्या टेबलावर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवत असतात.

काकांच्या गॅलरीतला तिसरा सीआरओ अशाच एका लिलावातला आहे. त्याच्या पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर बदलल्यावर तो सुरू झाला. २० मेगाहर्ट्झचा, पिक्चर ट्यूबचा. वाढवायला त्यात काही नाही. तरी नव्या यंत्रावर काही विचित्र दिसलं, की ते पहिल्यांदा हाच लावून बघतात. रविवारी सकाळी शेजारच्या इमारतीतली दोन मुलं येतात, त्यांनाही आधी याच्याच समोर बसवलं जातं. डिजिटलवाला त्यांना तपकीर गल्लीतून आणलेले ट्रान्झिस्टर ओळखता यायला लागल्यावर.